कलाफेरीच्या आयोजकांना खुले पत्र: माणसांना चित्रासमोर थांबू द्या

प्रति,
संध्याकाळच्या कलाफेरीचे आयोजक, सहभागी गॅलरीचालक आणि स्वयंसेवक

सप्रेम नमस्कार,

पुढच्या कलाफेरीची, म्हणजे एकाच संध्याकाळी अनेक गॅलरी उघड्या ठेवून लोकांनी एकीतून दुसरीत चित्रं बघत जायच्या आपल्या उपक्रमाची, जुळवाजुळव लवकरच सुरू होईल. नकाशा छापायला जाण्याआधी आणि कोणाची चित्रं कुठे लागणार हे पक्कं होण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं, म्हणून आत्ताच लिहिते आहे. फेरीला मी नेमाने येते. कधी नुसती बघायला, कधी दारात नकाशे वाटायला, कधी आयुष्यात पहिल्यांदाच गॅलरीत पाऊल टाकणाऱ्या चार-सहा जणांना बरोबर घेऊन. ही फेरी मला अगदी जवळची आहे आणि ती आहे त्याहून चांगली होऊ शकते याची मला खात्री आहे. हे पत्र त्या भावनेने वाचावं.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. फेरीची आखणी करताना एक गोष्ट मध्यभागी ठेवा: आलेल्या प्रत्येकाला निदान एका कामासमोर मनासारखं थांबता यावं, आणि जमलं तर ते काम करणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलता यावेत. किती लोक आले, किती दालनं उघडी होती, किती फोटो फिरले, हे आकडे मागाहून मोजता येतील. आत्ता मात्र सगळी आखणी त्या आकड्यांसाठीच होते आहे असं वाटतं आणि त्यात चित्र मागे पडतं.

संध्याकाळची वेळ निवडल्याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत. गॅलरीच्या नेहमीच्या वेळा बघितल्या तर त्या नोकरदारांसाठी, दुकानात उभं राहणाऱ्यांसाठी, घरचं सगळं आवरून मग बाहेर पडणाऱ्यांसाठी नसतातच. ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही जुनाच. लंडनमधलं साउथ केन्सिंग्टन म्युझियम, म्हणजे आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १८५७ साली उघडलं तेव्हा तिथे गॅसचे दिवे लावून संध्याकाळीही प्रवेश ठेवला होता. म्युझियमचे पहिले संचालक हेन्री कोल यांचा आग्रह होता की दिवसभर राबणाऱ्या माणसाला काम सुटल्यावर इथे येता आलं पाहिजे. पुढे १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला मोने, रेन्वार, देगा, पिसारो, बर्थ मोरिझो वगैरे चित्रकारांनी सरकारमान्य सलोंकडे, म्हणजे तिथल्या अधिकृत प्रदर्शनाकडे, पाठ फिरवून छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःच प्रदर्शन भरवलं. त्याच्या वेळा होत्या सकाळी १० ते ६ आणि पुन्हा रात्री ८ ते १०. जेवणवेळेला बंद करून रात्री पुन्हा दार उघडायची ही तसदी त्यांनी घेतली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चित्रकारांनीच जमवलेलं, त्यांनीच खर्च उचललेलं आणि रात्री उघडं राहणारं ते प्रदर्शन होतं. आपल्या फेरीचं नातं थेट त्याच्याशी लागतं.

आजच्या रूपातली फेरी बरीच अलीकडची. अमेरिकेत सिॲटलच्या पायोनियर स्क्वेअर भागातल्या गॅलरीवाल्यांनी १९८१ मध्ये महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एकत्र दारं उघडी ठेवायचं ठरवलं, फिलाडेल्फियात १९९१ पासून पहिला शुक्रवार सुरू झाला, बर्लिनमध्ये १९९७ साली संग्रहालयं रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवणारी ‘लांब रात्र’ झाली आणि मग ती कल्पना कितीतरी शहरांनी उचलली. यातली सिॲटलची गोष्ट साधी आहे. शेजारी शेजारी असलेल्या दालनांनी एकमेकांच्या पाहुण्यांना आपलं मानलं, बस्स. त्यासाठी महोत्सवाचा मांडव लागला नाही.

आता आपल्याकडे काय होतं ते सांगते. दाराशी उभं राहिलं की ते स्पष्ट दिसतं. माणूस आत येतो आणि पहिल्यांदा नकाशा उघडतो. पुढचं दालन कोणतं, तिथे किती वाजेपर्यंत जायचं, हे बघतो. मग डावीकडची भिंत धरून चालायला लागतो. पाय थांबत नाहीत, फक्त मान वळते. कोपऱ्यात ओळखीचं कोणी भेटलं तर तिथे मात्र पाच मिनिटं जातात, कारण तिथे बोलायला कारण मिळालेलं असतं. मागून गर्दी आली की सगळे पुढे सरकतात आणि उजवीकडच्या भिंतीकडे बघायचं राहूनच जातं. बाहेर पडताना ‘छान आहे’ म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. दोष त्यांचा नाही. हातात आठ ठिकाणांचा नकाशा आणि तीन तासांची वेळ दिली की कोणीही असंच वागेल.

हिशोब करून बघा. आठ दालनं, प्रत्येकात वीस कामं, म्हणजे एकशेसाठ कामं. एका दालनातून दुसऱ्यात जायला दहा मिनिटं धरली तरी सत्तर मिनिटं चालण्यात गेली. उरलेल्या एकशेदहा मिनिटांना एकशेसाठने भागा. प्रत्येक कामाला जेमतेम चाळीस सेकंद, आणि त्यातच दारातली गर्दी, लेबल वाचणं, पाणी पिणं, मुलांना आवरणं, चित्रकाराला नमस्कार करणं. म्हणजे प्रत्यक्ष बघणं किती होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. एरवी निवांत दिवशीसुद्धा परिस्थिती काही फार वेगळी नसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ असतात हे मोजलं होतं. २००१ साली त्याचे निष्कर्ष आले. सरासरी सुमारे २७ सेकंद, पण निम्म्या वेळा १७ सेकंद किंवा त्याहूनही कमी. लेबल वाचायला लागणारा वेळ त्यातच आला. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी असंच मोजमाप केलं आणि २०१७ मध्ये आलेले आकडे जवळपास तसेच होते. जगातली नामांकित चित्रं भिंतीवर असताना ही गत, तर आपल्या माहितीतल्या, नाव न झालेल्या चित्रकाराच्या वाट्याला किती सेकंद येत असतील?

म्हणून माझं पहिलं सांगणं, दालनं कमी करा. आठ असतील तर एका संध्याकाळी चार ठेवा आणि उरलेली चार पुढच्या वेळी. कोणाला वगळलं असं होणार नाही, फक्त पाळी लागेल. ज्यांची पाळी पुढे जाईल ते नाराज होतील हे मला कळतं. पण ज्या फेरीत त्यांची चित्रं कोणी धड बघणारच नाही त्या फेरीत असण्यापेक्षा ज्या फेरीत ती नीट बघितली जातील त्या फेरीत असणं त्यांच्याच फायद्याचं आहे, हे त्यांना समजावून सांगता येईल. मी बरोबर यायला तयार आहे.

दुसरं, प्रत्येक दालनाने एकच काम असं निवडावं की ज्याच्यासमोर बाक किंवा चार खुर्च्या असतील. त्या कामासमोर ठरावीक वेळी दहा-पंधरा जणांनी दहा मिनिटं बसायचं. आधी पाच मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, मग जे दिसलं ते सांगायचं. दरवर्षी एप्रिलमध्ये ‘स्लो आर्ट डे’ म्हणून जगभरातल्या अनेक संग्रहालयांत साधारण हाच प्रकार करतात. पाचेक कामं, प्रत्येकी पाच-दहा मिनिटं, मग गप्पा. खर्च काहीच नाही. मी माझ्या छोट्या घोळक्यांबरोबर हे केलं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला लोक चुळबुळतात, घड्याळ बघतात. मग कोणाला तरी चित्रात आधी न दिसलेलं काहीतरी दिसतं, तो शेजारच्याला हळूच दाखवतो, आणि तिथून पुढे वेळ कसा गेला ते कळत नाही. ‘मला चित्रातलं काही कळत नाही’ म्हणणारी माणसंच तेव्हा सगळ्यात जास्त बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आता उजेडाबद्दल. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण रात्रीच्या फेरीत सगळं यावरच अवलंबून असतं आणि नेमकं इथेच आपण ढिले पडतो.

चित्रं टांगण्याचं काम बहुधा दुपारी होतं. खिडकीतून ऊन आत येत असतं, सगळं स्वच्छ दिसतं, टांगणारे समाधानाने घरी जातात. सात वाजता लोक येतात तेव्हा बाहेर अंधार असतो, छताला पांढऱ्याफटक ट्यूबलाइट लागलेल्या असतात आणि काचेच्या फ्रेममधलं जलरंग चित्र दिसेनासं झालेलं असतं. गेल्या फेरीतल्या एका दालनात अशी एक सुंदर मालिका होती, पावसाळी आभाळाची. फिकट करड्या रंगाच्या पाच-सहा छटा एकमेकींत मिसळलेल्या. समोर उभं राहिलं की काचेत आधी समोरच्या भिंतीवरची ट्यूब दिसायची, मग स्वतःचा चेहरा, मग मागून जाणारी माणसं. आभाळ बघायला मान तिरकी करून बाजूला सरकावं लागत होतं. चित्रकार बाई शेजारीच उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘जरा इकडून बघा’ म्हणत होत्या. काही महिन्यांच्या मेहनतीनंतर त्यांना संध्याकाळभर हेच करावं लागलं.

उपाय अवघड नाही. समोरच्या भिंतीवरची ट्यूब बंद करायची आणि दिवा वरून, सरळ खाली पडणाऱ्या रेषेपासून साधारण ३० अंशांच्या कोनात चित्रावर टाकायचा. त्याने चकाकी खाली जमिनीकडे जाते, डोळ्यांत येत नाही. दिवे घेताना डब्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो तो बघा. रंग किती खरे दिसतील त्याचं ते माप आहे, १०० म्हणजे उत्तम. चित्रांसाठी ९० च्या खाली उतरू नये. स्वस्तातल्या एलईडीखाली लाल रंग मरतो, त्वचेचे रंग आजारी दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं चित्रकाराचाच हात कच्चा आहे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे, आदल्या दिवशी अंधार पडल्यावर एकदा सगळ्या दालनांतून चक्कर मारा. ज्या वेळी लोक येणार त्याच वेळी, त्याच दिव्यांत बघा. निम्मे प्रश्न जागच्या जागी सुटतील.

उजेड जास्त झाला तर चित्र खराब होईल, अशी शंका काही गॅलरीचालक घेतात. ती रास्त आहे. कागदावरची कामं, जलरंग, छायाचित्रं, कापड ही प्रकाशाने फिकी पडतात, म्हणून संग्रहालयं त्यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) पुढे उजेड जाऊ देत नाहीत. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. ऑफिसच्या टेबलावर ५०० लक्स असतो, यावरून ५० म्हणजे किती मंद ते समजेल. पण हे नुकसान साठत जाणारं असतं, उजेड आणि तास यांच्या गुणाकाराने. एका संध्याकाळी तीन तास १५० लक्स ठेवला तर ते ५० लक्समध्ये नऊ तास ठेवल्याइतकंच. एरवी कागदावरची कामं मंद उजेडात ठेवणाऱ्या दालनाने फेरीच्या रात्री थोडे जास्त दिवे लावले तर आभाळ कोसळणार नाही. ज्यांना मंदच ठेवायचं असेल त्यांनी निदान दालनात शिरण्याआधीची वाट मंद ठेवावी. झगझगीत उजेडातून आत आलेल्या डोळ्यांना सरावायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात माणूस पुढच्या खोलीत गेलेला असतो.

उघड्यावरच्या कामांचा विचार तर वेगळाच करायला हवा. भिंतीवरचं मोठं चित्र तिन्हीसांजेला बघितलं तर त्यातला लाल काळपट होत जातो आणि निळे-हिरवे रंग उठून दिसायला लागतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपून ठेवलं होतं. मंद उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करायला लागतात आणि त्या लाल रंगाला जवळजवळ दाद देत नाहीत. फेरीची सुरुवात उजेड असतानाच अशा भिंतीपासून केली आणि शेवटी पुन्हा त्याच भिंतीशी आणलं, तर लोकांना एकाच चित्राची दोन रूपं बघायला मिळतील. हा फायदा फक्त संध्याकाळच्या फेरीलाच घेता येतो, तो घालवू नका.

आता ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट आहे त्या स्थानिक कलाकारांकडे वळते.

बऱ्याच दालनांत कलाकार हजर असतो, पण त्याला काय करायचं ते माहीत नसतं. तो भिंतीला टेकून उभा राहतो किंवा मित्रांच्या घोळक्यात असतो. बघणाऱ्याला वाटतं, यांना काय विचारायचं, आपल्याला तरी काय कळतं. दोन्हीकडून संकोच. तो मोडायला एक टेबल पुरतं. एका फेरीत एका मुद्राचित्रकार बाईंनी एचिंगच्या, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राच्या, शेजारी ज्यावरून ते छापलं तो जस्ताचा पत्राच ठेवला होता. बरोबर सुई, शाईचा बोळा, पत्रा पुसायची मळकी मलमल. त्या सांगत होत्या ते असं: पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने तो खरवडून रेषा काढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा, जिथे मेण निघालंय तिथे आम्ल पत्रा खातं, मग मेण काढून त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. ऐकणाऱ्यांत एक शाळकरी मुलगा होता. तो बराच वेळ पत्रा आणि चित्र आलटून पालटून बघत होता. मग म्हणाला, ‘काकू, पत्र्यावर झाड इकडे आहे आणि कागदावर तिकडे.’ बाईंनी पत्रा त्याच्या हातात दिला. त्याने बोट फिरवून खाच लागते का बघितली. त्याच्या आईने कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं ४/२० काय म्हणून विचारलं. वीस प्रतींतली चौथी, हे समजल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला: मग पत्र्याचं काय करता? त्या टेबलाभोवती संध्याकाळभर गर्दी होती आणि शेजारच्या भिंतीवरची एचिंग लोक परत परत जाऊन बघत होते, कारण आता त्यांना त्यात काय बघायचं ते कळलं होतं.

प्रत्येक कलाकाराकडे असं काही ना काही असतं. रेखाटनवही, रद्द केलेला पहिला प्रयत्न, माती कापायची तार, साचा, रंग मिसळून बघितलेले कागद. ते आणायला सांगा आणि ठेवायला जागा द्या. याउलट लोकांपुढे उभं करून अर्ध्या तासात चित्र काढायला लावण्याचा जो प्रकार हल्ली घुसला आहे तो बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या चित्रकाराला स्वतःहून ते आवडतं त्याने जरूर करावं. पण बहुतेकांचं काम एकांतात, खूप वेळ घेऊन होतं. त्यांना गर्दीपुढे हातचलाखी करायला लावली की लोक कुंचला किती भरभर फिरतो ते बघतात आणि भिंतीवरच्या खऱ्या कामाकडे पाठ होते. मोठ्या आवाजातल्या संगीताचंही तेच. गाणं-बजावणं ठेवायचं तर अंगणात ठेवा. दालनात दोन माणसांना हळू आवाजात बोलता आलं पाहिजे.

पैशांबद्दल मोकळेपणाने बोलायला आपण सगळेच कचरतो, तरी बोलते. विक्री झाली तर गॅलरी तिसरा हिस्सा ते अगदी निम्म्यापर्यंत कमिशन घेते, ही जगभरची रीत आहे आणि जागा, दिवे, माणसं सांभाळणाऱ्या गॅलरीचा तो हक्कही आहे. पण फेरीसाठी कलाकाराकडून वर सहभाग शुल्क घेऊ नका. फ्रेम त्याची, वाहतूक त्याची, संध्याकाळभर उभं राहणं त्याचं, आणि तुटफूट झाली तर नुकसानही त्याचंच, असं आत्ता बऱ्याच ठिकाणी चालतं. निदान काम दालनात शिरल्यापासून परत जाईपर्यंत जबाबदारी कोणाची हे लेखी असावं. कॅनडात १९८८ पासून कायद्याने असं आहे की विक्री किंवा भाड्यासाठी नसलेल्या सार्वजनिक प्रदर्शनात आपलं काम मांडल्याबद्दल कलाकाराला मोबदला मागता येतो. तिथल्या कलाकारांच्या संघटनेने त्यासाठी वीस वर्षं पाठपुरावा केला. आपल्या फेरीत पहिल्या दिवसापासून तेवढं जमणार नाही, पण प्रायोजकाच्या पैशांतून फलक, कमान आणि स्वागताचा खर्च निघतो तेव्हा कलाकाराच्या मानधनाची एक ओळ त्या अंदाजपत्रकात सगळ्यात वर यायला काय हरकत आहे?

आणि लेबलवर किंमत लिहा. ‘किंमतीसाठी चौकशी करा’ असं लिहिलं की सामान्य माणूस चौकशी करत नाही, तो गृहीत धरतो की हे आपल्यासाठी नाही. कोणाला विचारलं आणि परवडलं नाही तर अवघडल्यासारखं होईल, या भीतीने लोक गप्प बसतात. छोटी रेखाटनं, छापे, आवाक्यातली कामं असतात, ती कोणाच्या तरी घरी आनंदाने गेली असती. आकडा दिसला की निदान मनात हिशोब सुरू होतो.

फेरीच्या जाहिरातीत एखाद्याचं चित्र मोठं करून छापलं जातं, कधी कापून, कधी त्यावरच अक्षरं टाकून, आणि चित्रकाराचं नाव कुठेच नसतं. हे चुकीचं आहे, आणि नुसत्या शिष्टाचाराच्या दृष्टीने नाही. लेखक-कलाकारांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ सालीच कलम घातलेलं आहे की हक्क विकले तरी कृती माझी आहे असं सांगण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. तेव्हा छापण्याआधी विचारा, नाव त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरांत द्या. चित्रावर लिहू नका.

निवडीबद्दल थोडं. नावं तीच तीच येतात, ही तक्रार तुमच्या कानावर आली असेलच. मी यात कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. ज्यांचे नंबर आपल्याकडे असतात त्यांनाच आपण फोन करतो, इतकं ते साधं आहे. म्हणूनच सगळ्यांना दिसेल अशी प्रवेशिकांची सूचना लागते, निवडणारे कोण हे आधी जाहीर व्हायला लागतं, आणि नाकारलेल्याला दोन ओळींचं का होईना उत्तर जायला लागतं. घरी बसून काम करणाऱ्या कितीतरी बायका आहेत, ज्यांनी कधी ‘मी चित्रकार आहे’ असं म्हटलेलंच नाही. त्यांना अर्ज भरायला सांगितलं तर त्या भरणार नाहीत, कोणीतरी घरी जाऊन बघायला हवं. आणि संध्याकाळभर दालनात उभं राहायची अट त्यांना सगळ्यात जड जाते. लहान मूल किंवा म्हातारं माणूस घरी असलेल्या कलाकाराला तासाभराची ठरलेली वेळ द्या. नकाशावर तिच्या नावापुढे ती वेळ छापा. लोक त्या वेळी येतील.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, म्हणून भरभर सांगते. कुठे पायऱ्या आहेत आणि कुठे चाकाची खुर्ची जाते ते नकाशावर असावं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवतात, पण एक तरी भिंत मुलांच्या आणि बसून बघणाऱ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावून बघा. हात लावायला चालेल असं एक तरी शिल्प असावं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आणि खरं तर सगळ्यांसाठीच. लेबलची अक्षरं मोठी हवीत. शेवटच्या दालनापासून परतीच्या वाहनापर्यंतची वाट उजेडाची असावी, कारण एकटीने येणारी बाई परत कसं जायचं हे ठरवूनच घराबाहेर पडते.

हे सगळं एकदम होणार नाही याची मला कल्पना आहे. म्हणून पुढच्या फेरीपुरती एक छोटी सुरुवात सुचवते. एकच दालन घ्या. तिथे कामं वीसऐवजी आठ लावा, दिवे अंधारात तपासा, एका चित्रासमोर बाक ठेवा, कलाकारासाठी एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडा, लेबलवर किंमत लिहा. बाकीची दालनं नेहमीसारखी राहू देत. त्या एका दालनात कोण किती वेळ थांबलं, कोणी कलाकाराशी बोललं, काही विकलं गेलं का, हे बघून मग पुढचं ठरवा. असं दालन द्यायला कोणी गॅलरीचालक तयार असेल तर आदल्या रात्री दिवे तपासायला मी येईन, फेरीच्या संध्याकाळी बाकाजवळच्या दहा मिनिटांच्या बैठका घेईन आणि दुसऱ्या दिवशी चित्रं उतरवायलाही थांबेन. माझ्या ओळखीतली आणखी काही माणसं आहेत, तीही येतील. कळवायचं ते नकाशा छापायला जाण्याआधी कळवा, म्हणजे बैठकांच्या वेळा त्यावर घालता येतील.

आपली,
कलाफेरीला नेमाने येणारी एक प्रेक्षक